मुलांसह बेटावर जाताना: रिसॉर्टच्या आधी समुद्र निवडा

बेटावरच्या रिसॉर्टचे फोटो बघत बसलं की थोड्या वेळाने सगळे एकसारखे दिसू लागतात. पाणी निळंच, वाळू पांढरीच आणि छत्रीखालचं कुटुंब हसरंच. त्यात न दिसणाऱ्या गोष्टी तीन: वारा, ओहोटी आणि तो फोटो कुठल्या महिन्यात काढला ते. लहान मुलं बरोबर असली की सुट्टी कशी जाणार हे बरंचसं या तिन्हींवर ठरतं. खोली कितीही देखणी असो, समोरच्या समुद्रात मुलांना गुडघाभर पाण्यातही उभं राहता येत नसेल, तर दुसऱ्या दिवसापासून सगळे स्विमिंग पूलच्या काठी बसलेले असतात. मग त्यासाठी समुद्र ओलांडून जायचं कशाला?

म्हणून इथे शोधण्याचा क्रम नेहमीच्या उलट धरला आहे. आधी मुलं, मग महिना, मग बेटाची बाजू, मग पाणी, मग तिथवर पोचायची वाट. रिसॉर्टचं नाव त्यानंतर आणि खोली सगळ्यात शेवटी.

१. मुलांची वयं आणि सवयी लिहून काढा

"फॅमिली रिसॉर्ट" असा एकच प्रकार नसतो. दोन वर्षांच्या मुलाला सावली, वाळू, उथळ पाणी आणि दुपारच्या झोपेसाठी पाच मिनिटांत गाठता येणारी खोली एवढंच हवं असतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला बरोबरीची मुलं हवीत, म्हणजे किड्स क्लब (रिसॉर्टची मुलांना खेळवायची, सांभाळायची जागा) कामाला येतो. दहाच्या पुढे स्नॉर्केलिंग, कयाक, सायकल यांशिवाय तिसरा दिवस जात नाही. आणि पंधरा वर्षांच्या मुलाला किड्स क्लब दाखवलात तर तो तुमच्याशी सुट्टीभर बोलणार नाही.

आजी-आजोबा येणार असतील तर त्यांचे गुडघेही या यादीत घ्या. डोंगरउतारावर बांधलेल्या रिसॉर्टमधून समुद्र फार सुरेख दिसतो, पण प्रत्येक जेवणासाठी शंभर पायऱ्या उतरून पुन्हा चढाव्या लागतात. बाबागाडी ढकलणाऱ्यांनाही हेच लागू.

या यादीतून ज्यात तडजोड नाही अशा दोन गोष्टी निवडा. पाच-सहा निवडल्या तर जगात कुठलंच बेट शिल्लक राहणार नाही.

२. महिना ठरवा, मग त्या महिन्याचा समुद्र बघा

शाळेच्या सुट्ट्या आपल्या हातात नसतात. त्यामुळे बहुतेकांचा महिना आधीच ठरलेला असतो. प्रश्न एवढाच उरतो, की त्या महिन्यात कुठल्या बेटाभोवतीचा समुद्र शांत असतो?

उष्ण कटिबंधात तापमान वर्षभर जवळपास तेच असतं. फरक पडतो ओल्या आणि कोरड्या हंगामाने. नवखी मंडळी पावसाला घाबरतात, पण मुलांच्या बाबतीत पावसाने तितकं बिघडत नाही जितकं लाटांनी बिघडतं. ओल्या हंगामातही अनेक ठिकाणी सर येते, तासाभरात जाते आणि मुलं पुन्हा बाहेर पळतात. मात्र वारा फिरून मोठ्या लाटा सुरू झाल्या, तर आठ-आठ दिवस किनाऱ्यावर लाल झेंडा राहू शकतो.

थायलंडचं उदाहरण घेऊ. फुकेतचा प्रसिद्ध पश्चिम किनारा अंदमान समुद्राकडे तोंड करून आहे. मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारा थेट त्याच्यावर येतो आणि तिथे लाटा आणि ओढ दोन्ही वाढतात. कोह सामुई मात्र थायलंडच्या आखातात, म्हणजे देशाच्या दुसऱ्या अंगाला. तिथे मोठा पाऊस साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणजे जुलैची सुट्टी असेल तर सामुई आणि जानेवारीची असेल तर फुकेत. देश तोच, विमानप्रवास जवळपास तोच, पण निवड चुकली तर समुद्र फक्त बघण्यापुरता.

मालदीवमध्ये जानेवारी ते मार्च हा काळ कोरडा, मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य वाऱ्यांचा. अंदमानलाही डिसेंबर ते एप्रिल हेच दिवस बरे. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं असतं. पावसाळ्यात, विशेषतः डिसेंबर ते मार्च, कुटा-सेमिन्याकच्या पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर प्लास्टिकचा कचराही येऊन पडतो, आणि तो कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही. मॉरिशस दक्षिण गोलार्धात असल्याने तिथला उन्हाळा नोव्हेंबर ते एप्रिल. चक्रीवादळांचा हंगामही तोच.

चक्रीवादळांचं गणित एकदा समजून घेतलं की खूप सोपं होतं. अटलांटिकमध्ये हा हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा मोजतात आणि सर्वाधिक जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असतो. कॅरिबियनमधली अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतात, त्यामुळे त्या काळात कुटुंबं तिकडे वळतात. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, साधारण पाच अंशांच्या आत, चक्रीवादळं क्वचितच तयार होतात, कारण वाऱ्याला भोवरा धरायला लावणारा पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम तिथे फार क्षीण असतो. सेशेल्सचं माहे बेट याच पट्ट्यात येतं.

कॅरिबियनसाठी आणखी एक गोष्ट. २०११ पासून सार्गासम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ अनेक बेटांच्या, मुख्यतः पूर्वेकडच्या, किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊन पडतं. वसंत आणि उन्हाळ्यात त्याचा जोर असतो. कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. बुकिंगआधी त्याच महिन्यातले मागच्या वर्षीचे पर्यटकांनी टाकलेले फोटो बघा, रिसॉर्टने टाकलेले नाहीत.

३. बेटाची कुठली बाजू?

बेट निवडलं म्हणजे अर्धंच काम झालं. एकाच बेटाच्या दोन बाजूंना एकाच दिवशी दोन वेगळे समुद्र असतात. वाऱ्याकडे तोंड असलेल्या बाजूला लाटा, आडोशाच्या बाजूला संथ पाणी. त्यामुळे आपल्या महिन्यात वारा कुठून येतो ते शोधायचं आणि त्याच्याकडे पाठ असलेला किनारा घ्यायचा.

बार्बाडोसमध्ये हे अगदी ठळक दिसतं. पूर्वेला बॅथशेबा इथे अटलांटिकच्या लाटा आदळतात. सर्फिंगवाल्यांची ती पंढरी आहे, मुलांना पोहायला ती जागा नाही. पश्चिम किनाऱ्यावर मात्र पाणी मऊ आणि संथ. हवाईतल्या ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात राक्षसी लाटा येतात आणि उन्हाळ्यात तोच किनारा शांत होतो. मॉरिशसला आग्नेयेकडून येणारे वारे बहुतेक वर्षभर वाहतात, जून ते सप्टेंबर जास्त जोराने. तेव्हा बेल मारसारख्या पूर्व किनाऱ्यावर वाळू डोळ्यांत जाते आणि त्रू ओ बिश किंवा फ्लिक आं फ्लाकसारख्या पश्चिमेकडच्या किनाऱ्यांना आडोसा मिळतो. उन्हाळ्याच्या उकाड्यात पूर्वेचा तोच वारा हवाहवासा वाटतो, हेही खरं.

काही ठिकाणी हा हिशेब वर्षातून दोनदा उलटतो. माहेच्या वायव्येला बो व्हालों हा किनारा मे ते सप्टेंबर, आग्नेय वाऱ्याच्या दिवसांत, तळ्यासारखा असतो. डिसेंबरनंतर वारा वायव्येकडून यायला लागला की तिथेच लाटा येतात. म्हणून कुठल्याही किनाऱ्याबद्दल "तिथे पाणी शांत असतं" असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न विचारायचा: कधी?

मालदीवसारख्या चिमुकल्या प्रवाळबेटांवर तर वाळूच जागा बदलते. एका मोसमात ती बेटाच्या एका बाजूला साचते, दुसऱ्या मोसमात तिथून सरकून पलीकडे जाते. "बीच व्हिला" घेतला आणि समोर बीचऐवजी वाळूच्या गोण्यांची रांग निघाली, असं तिथे होऊ शकतं. या रिसॉर्टना विचारायचं ते असं: आमच्या महिन्यात कुठल्या क्रमांकांच्या व्हिलांसमोर वाळू असते?

४. पाणी: सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा

आता उपग्रह नकाशा उघडा. रिसॉर्टवर जाऊन झूम करा आणि समुद्राकडे बघा. किनाऱ्यापासून काही अंतरावर पांढऱ्या फेसाची सलग रेघ दिसली तर तिथे प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि लगूनमध्ये, म्हणजे भिंत आणि किनारा यांच्या मधल्या भागात, पाणी निवांत राहतं. फिकट हिरवट निळा रंग म्हणजे उथळ पाणी आणि खाली वाळू. गडद ठिपके म्हणजे प्रवाळ, खडक किंवा समुद्री गवत. एकदम काळसर निळं झालं की तिथे तळ खोल गेला. किनाऱ्याला लागूनच काळसर निळं असेल आणि फेसाची रेघ थेट वाळूवर असेल, तर लहान मुलांसाठी ती जागा सोडून द्या.

आणखी एक खूण बघा. फेसाच्या रेघेत कुठे तुटक जागा आहे का? ही प्रवाळभिंतीतली खिंड. भिंतीवरून आत आलेलं पाणी बाहेर जायला तीच वाट असते, आणि ओहोटीच्या वेळी तिथे जबर ओढ लागते. रिसॉर्टचा किनारा अशा खिंडीच्या अगदी समोर असेल तर पोहण्याची हद्द कुठवर आखली आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग ओहोटी. लगून उथळ असणं चांगलं, पण ओहोटीला ते इतकं उथळ होऊ शकतं की मोठ्यांना पोहताच येत नाही. बालीतलं सानूर मुलांसाठी उत्तम म्हणतात ते प्रवाळभिंतीमुळे, मात्र पूर्ण ओहोटीत तिथे पोटरीएवढं पाणी उरतं. झांझिबारचा पूर्व किनारा, म्हणजे पाजे, जांबियानी, याहून टोकाचा. तिथे समुद्र इतका मागे जातो की पाण्यापर्यंत चालत जायला बराच वेळ लागतो. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला नुंगवी आणि केंडवा इथे मात्र दिवसभर पोहता येतं. चिखल-वाळूत खेकडे शोधायला आवडणाऱ्या मुलांना पाजे स्वर्ग वाटेल. पोहण्यासाठी हट्ट धरणाऱ्यांना नाही.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघून ठेवता येतं. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या ठिकाणी तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पहिल्या दिवशी भर दुपारी ओहोटी असेल तर आठवड्याने त्याच वेळेला भरती असणार. चार दिवसांचीच सुट्टी असेल तर हा फरक मोठा आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणामुळे चढ-उतार सर्वांत जास्त असतो, तेवढी तिथी बघून घ्या.

किनाऱ्याचा उतारही महत्त्वाचा. उभ्या उताराच्या किनाऱ्यावर दोन पावलांत कमरेएवढं पाणी होतं आणि लाट थेट वाळूवर आपटते. लाट छोटी असली तरी चार वर्षांच्या मुलाला पाडायला पुरते. पर्यटकांच्या व्हिडिओंमध्ये हे बघायची एक युक्ती: पाण्यात उभी असलेली मोठी माणसं किनाऱ्यापासून किती लांब आहेत आणि पाणी त्यांच्या कुठपर्यंत आहे, एवढंच पाहायचं.

उघड्या समुद्राचा किनारा असेल तर रिप करंट समजून घ्या. फुटलेल्या लाटांचं पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोरात आत ओढलं जातं. गंमत अशी की लाटांच्या मधला हाच पट्टा सर्वांत शांत दिसतो आणि नवखी माणसं नेमकी तिथेच उतरतात. सापडलात तर किनाऱ्याकडे झटापट करत पोहू नका. अंग सैल सोडून तरंगा, मदतीसाठी हात करा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर या. हे दहा वर्षांपुढच्या मुलांनाही शिकवून ठेवा.

झेंड्यांचे अर्थ अनेक देशांत सारखे आहेत. लाल-पिवळा म्हणजे इथे लाइफगार्डचं लक्ष आहे, या दोन झेंड्यांच्या मध्येच पोहा. लाल म्हणजे धोका. दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायला बंदी. जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे त्रासदायक जीव आलेत.

या जिवांबद्दल थोडक्यात. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर आणि बेटांवर साधारण नोव्हेंबर ते मे घातक बॉक्स जेलीफिशचा काळ असतो, तेव्हा जाळी लावलेल्या भागातच आणि अंगभर सूट घालून पोहतात. थायलंडच्या आखातातही हे जीव आढळतात, म्हणून काही किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावलेल्या असतात. त्या कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा. प्रवाळ आणि सी अर्चिन या तळाशी राहणाऱ्या काटेरी जिवाच्या काट्यांसाठी प्रत्येकाला रबरी तळाचे पाण्यातले बूट. अंदमानात काही भागांत खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या सूचनांचे फलक आहेत, ते शोभेसाठी लावलेले नाहीत. रेयूनियन बेटावर शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३ पासून लगून आणि देखरेखीखालच्या जागा सोडून पोहण्यावर निर्बंध घातले गेले. आणि कॅरिबियनमध्ये किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडाच्या खोडाला लाल पट्टा दिसला तर मुलांना लांब ठेवा: ते मँचिनील असतं, त्याची सफरचंदासारखी दिसणारी फळं विषारी आणि चीक कातडी भाजणारा.

५. विमानतळापासून खोलीपर्यंत

जाहिरातीत "विमानतळापासून फक्त ४० मिनिटं" लिहिलेलं असतं. ती चाळीस मिनिटं फक्त बोटीतली. त्याआधीची रांग, बोट भरेपर्यंतची वाट आणि सामान चढवणं यांत धरलेलं नसतं. घरातून निघाल्यापासून खोलीचं दार उघडेपर्यंतचे एकूण तास मोजा. पाच वर्षांखालचं मूल असेल तर विमानातून उतरल्यावर तासाभरात पोचता येईल असंच ठिकाण घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. लांबची निर्जन बेटं कुठे पळून जात नाहीत, मुलं मोठी झाल्यावर जाता येतं.

मालदीवमध्ये सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात. तुमचं विमान दुपारी उशिरा किंवा रात्री उतरणार असेल तर एक रात्र माले किंवा हुलहुमालेला काढावी लागते आणि तिचा खर्च बहुधा तुमच्याच माथी. अशा वेळी स्पीडबोटीने जाता येईल असं रिसॉर्ट घेतलेलं बरं. परतीचंही तेच: सकाळी लवकरचं विमान आणि सीप्लेन यांचं जमत नाही.

स्पीडबोट वाऱ्याच्या दिवसांत चांगलीच आपटते. मागच्या बाजूला बसा, मुलांना उलटीचं औषध द्यायचं असेल तर ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट बोटीत आहेत का ते चढण्याआधी बघा. मोठ्यांच्या मापाचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. फेऱ्या हवामानामुळे रद्द होतात, विशेषतः ओल्या हंगामात. म्हणून शेवटचा मुक्काम विमानतळ असलेल्या बेटावर ठेवा.

६. डॉक्टर किती लांब?

हा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण विचारायचाच. रिसॉर्टमध्ये डॉक्टर आहे की फक्त नर्स? रात्री असतो का? मुलांना दाखवता येईल असं जवळचं रुग्णालय किती तासांवर, आणि अंधार पडल्यावर तिथे न्यायची काय सोय? प्रवास विम्यात रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा खर्च धरलेला आहे का हे बघा. लांबच्या बेटावर उपचारांपेक्षा हलवण्याचा खर्च मोठा होऊ शकतो.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारे एडिस डास दिवसा चावतात, म्हणून रात्री मच्छरदाणी लावली की झालं असं समजू नका. शोभेच्या कुंड्या, कमळाची तळी, नारळाच्या करवंट्या यांत पाणी साचू न देणारं रिसॉर्ट हवं. खिडक्यांना जाळ्या आहेत का तेही विचारा. दोन महिन्यांखालच्या बाळाला डीईईटी हे रसायन असलेलं डासांचं मलम लावत नाहीत.

ऊन वेगळंच असतं. विषुववृत्ताजवळ यूव्ही निर्देशांक, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचं माप, दुपारी सहज ११ च्या वर जातो, ढग असले तरी कातडी भाजते. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट हा सनस्क्रीनपेक्षा विश्वासू. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. सहा महिन्यांखालच्या बाळाला थेट उन्हात नेऊच नका. पालाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून प्रवाळाला घातक मानली गेलेली काही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली आहे, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचून घ्या.

७. आता रिसॉर्ट

इथवर आलात की यादीत चार-पाच नावंच उरतात. त्यांच्यात निवड करताना सजावटीपेक्षा कुंपणं बघा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीत बुडण्याचं सर्वाधिक प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये दिसतं. आणि बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, ते मुकाट्याने खाली जातं. म्हणून मुलांचा पूल वेगळा आणि कुंपणाचा हवा, त्याला आपोआप मिटणारं फाटक हवं. खोलीच्या गॅलरीतून थेट पूलमध्ये उतरता येतं अशा खोल्या चालायला लागलेल्या मुलासाठी नकोच. पाण्यावरच्या व्हिलांचंही तेच. अनेक रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना तिथे ठेवूनच घेत नाहीत, आणि ते बरोबर आहे: लाकडी फलाट, कठड्याविना कडा आणि समुद्रात उतरणारी शिडी, सगळं खोलीच्या दारातच. वरच्या मजल्यावर गॅलरीच्या गजांत १० सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नसावी, आणि मूल चढेल असं टेबल-खुर्ची कठड्याजवळ ठेवू नये.

लाइफगार्ड आहे का, एवढं विचारून भागत नाही. कुठे आहे, पूलवर की समुद्रावर, आणि किती ते किती? पुष्कळ ठिकाणी समुद्रावर कुणीच नसतं. असलं तरी लहान मूल पाण्यात असताना ते हाताच्या अंतरावरच हवं. दंडाला लावायचे हवा भरलेले पट्टे ही खेळणी आहेत, सुरक्षेची साधनं नव्हेत.

किड्स क्लबच्या फोटोंवर भुलू नका. किती वर्षांपासून मूल एकटं ठेवता येतं? बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार वर्षांपासून, त्याखाली आया वेगळ्या पैशांनी. दुपारी क्लब बंद असतो का? किती मुलांमागे एक माणूस? क्लबची माणसं मुलांना पाण्याजवळ नेतात का, आणि नेत असतील तर पालकांना आधी विचारून का? या उत्तरांवरून क्लब खरंच चालतो की चार रंगीत खुर्च्या मांडलेली खोली आहे, ते लगेच कळतं.

काही रिसॉर्टचे निम्मे पूल आणि सर्वांत चांगला किनारा "फक्त प्रौढांसाठी" राखीव असतो. नकाशा मागवून बघा. नाचगाण्याचा बार मुलांच्या झोपेच्या खोल्यांपासून किती लांब आहे, तेही त्याच नकाशावर दिसतं.

८. खोली आणि बिल

जोडखोल्या मागताना शब्द नीट वापरा. शेजारशेजारच्या खोल्या वेगळ्या आणि आतून दार असलेल्या वेगळ्या. बुकिंगमध्ये "विनंती नोंदवली" असं लिहून आलं तर ती हमी नव्हे. जास्तीचा पलंग म्हणजे खरा पलंग की उघडणारा सोफा, पाळणा मिळतो का, खोलीत जास्तीत जास्त किती माणसं चालतात, हे लेखी हवं. खोली जेवणाच्या जागेपासून आणि किनाऱ्यापासून चालत किती मिनिटांवर, याला समुद्र दिसण्यापेक्षा जास्त किंमत द्या. गडद पडदे आणि छोटा फ्रीज या दोन गोष्टी बाळाच्या आईवडिलांना फार उपयोगी पडतात.

बेटावर दुसरं काहीच नसेल तर सगळी जेवणं धरलेली योजना घ्यावी, कारण दर वेळी मेनूतल्या किमती बघून मुलांना नको म्हणत राहणं ही सुट्टी नव्हे. आसपास गाव आणि खाणावळी असतील तर नुसता नाश्ता पुरतो. "मुलं मोफत" याचा अर्थ अनेकदा फक्त राहणं मोफत, जेवण आणि बोट वेगळी. मूल कुणाला म्हणायचं याचंही वय रिसॉर्टगणिक बदलतं, आणि ते मुक्कामाच्या तारखेला मोजतात. तिथेच बारावा वाढदिवस साजरा करण्याचा बेत असेल तर सावध! तुलना करताना कर, सेवाशुल्क, सगळ्यांचं येण्याजाण्याचं भाडं आणि जेवणं धरून एकच आकडा काढा. स्वस्त दिसणारं रिसॉर्ट तिथे बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर जातं.

९. अभिप्राय वाचा, मग पत्र लिहा

पाच तारे आणि एक तारा, दोन्ही बाजूला ठेवा. तीन-चार तारे देणारे लोक खरं सांगतात. कुटुंबांचे, तुमच्याच महिन्यातले आणि गेल्या वर्षभरातले अभिप्राय गाळून घ्या. त्यात लाटा, ओहोटी, डास, बांधकाम, पोट बिघडणं हे शब्द शोधा. एखाद्याने वेटर हसला नाही म्हणून तक्रार केली असेल तर सोडून द्या. तीन वेगवेगळ्या लोकांनी पूलची फरशी निसरडी आहे म्हटलं असेल तर ती निसरडी आहे.

मग रिसॉर्टला एक छोटं पत्र पाठवा. असं काहीसं:

"आम्ही अमुक तारखांना येणार आहोत, मुलं ३ आणि ८ वर्षांची. त्या दिवसांत तुमच्या किनाऱ्यावर लाटा कशा असतात? ओहोटीला पोहता येतं का? समुद्रावर लाइफगार्ड कोणत्या वेळात असतो? मुलांच्या पूलला कुंपण आहे का? रात्री डॉक्टरची काय सोय आहे? त्या काळात बांधकाम किंवा डागडुजी चालू असेल का? चक्रीवादळामुळे येता आलं नाही तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते?"

उत्तरात प्रत्येक प्रश्नाला वेगळं वाक्य आलं तर तिथे मुलांची सवय असलेली माणसं आहेत. "आमचा किनारा नितांतसुंदर असून आपलं स्वागत आहे" एवढंच आलं तर पुढच्या नावाकडे वळा. उत्तर जपून ठेवा, खोलीवरून वाद झाला तर तेच कामाला येतं.

१०. पोचल्यावरचा पहिला तास

बॅगा उघडण्याआधी खोलीत एक चक्कर मारा: गॅलरीचा कठडा, सरकत्या दाराची कडी, पूलकडे जाणारी वाट, मुलाच्या हाताला लागणारे प्लग. काही खटकलं तर तेव्हाच खोली बदलून मागा. सामान मांडून झाल्यावर कुणी बदलत नाही, तुम्हीही नाही आणि तेही नाही.

मग स्वागतकक्षात न विचारता वॉटर स्पोर्ट्सच्या टपरीवर जा. तिथली माणसं दिवसभर त्याच पाण्यात असतात. ओढ कुठे लागते, कुठल्या बाजूला अर्चिन आहेत, उद्या ओहोटी किती वाजता, आणि मुलांना कुठवर जाऊ द्यायचं हे ती बोटाने दाखवतील. ती हद्द मुलांनाही तिथल्या तिथे दाखवा, एखादं झाड किंवा धक्क्याचा खांब खूण म्हणून ठरवून, आणि पाण्यावर लक्ष ठेवायची पाळी कोणाची हे दोघा मोठ्यांत नाव घेऊन ठरवा. "सगळे बघतायत" असं वाटत असतं तेव्हा बहुधा कुणीच बघत नसतं.